नळावरचा पहिला डबा

आणि वर बायका हसतायत! तुम्हाला सांगतो, निवडणूक हरल्याचं दुःख नाही, कॅरोल वादळात साखर कारखान्याची चिमणी आडवी झाली तिथं मी कोण... पण देवराजकडून? देवराज! चिन्याच्या दुकानात लोकांच्या खांद्यावरून हात घालून आधी पाव उचलतो तो देवराज गावच्या कौन्सिलात, आणि गावाला रांग शिकवणारा हा चंद्रमोहन घरी!

आमची वस्ती पेती राफ्रे गावाच्या पुढं, उसाच्या कडेला. वादळानंतर सगळ्यांना मिळून नळ एकच, पाणी पहाटे येणार आणि उजाडता उजाडता जाणार. रोज काय ती भांडणं! मळ्यावरच्या मुकादमाची, म्हणजे आमच्या सरदाराची, बायको आली की तिचा डबा पुढं, विधवा बसंती मावशीचा डबा मागं, तिच्या वाट्याला नुसतं फुस्स! मग मीच नळापाशी उभा राहिलो आणि गरजलो, डबा ठेवला तिथं तुमची जागा, कुणाचा डबा कुणी हलवायचा नाही, सरदाराचा असो की शिपायाचा, रांग म्हणजे रांग! बसंती मावशीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "पोरा, तू उभा राहा रे कौन्सिलला." राहिलो! अहो, देवराजचा सख्खा मेहुणासुद्धा मला मत देणार होता!

आणि मतदानाच्या आदल्या दिवशी पहाटे माझा परशुराम, माझी पत्रकं वाटायचा तो, दार बडवत आला. "भाऊ, घात झाला! नळावर पहिला डबा तुमचा! देवराज बोंबलतोय, बघा बघा, रांगवाल्याची रांग!"

बोंद्ये, देवा रे! पायात एकच चप्पल, तसाच धावलो. खरंच हो! पहिला डबा आमचा, निळ्या कडीचा, शेजारी आमची पुष्पावती उभी, समोर देवराज दात काढून, भोवती सगळे मतदार... तुम्ही काय केलं असतं? मी विचारलंसुद्धा नाही. उचलला डबा, सगळ्यांना दिसेल असा उंच धरला, आणि नेऊन ठेवला पार शेवटी! "उमेदवाराची बायको असली म्हणून काय झालं? रांग म्हणजे रांग!"

परशुरामनं टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच. मला वाटलं, बायका भारावल्या असतील.

पुष्पावती हळूच म्हणाली, "अहो, मी कोंबडं आरवायच्या आधी आलेय."

"आलीय रे," बसंती मावशी म्हणाली. "तिच्या मागं माझाच डबा होता."

आता ऐकलं मी, ऐकलं नाही असं नाही! पण देवराज बघत होता ना! मी बायकोच्या कानात म्हटलं, "आजचा दिवस सांभाळ, उद्या मत आहे." ती मुकाट्यानं मागं जाऊन उभी राहिली. तिची पाळी आली आणि नळ... फुस्स! तोवर मी भाषणात होतो.

दुसऱ्या दिवशी बायका ठेवणीतल्या साड्या नेसून मतदानाला चालल्या, एकूण एक माझ्याकडे बघून हसली. "बोंजूर, चंद्रमोहनभाऊ!" मी प्रत्येक हसणं मत म्हणून धरलं. आणि संध्याकाळी... निवडून आला देवराज!

तसाच गेलो बसंती मावशीकडे. "मावशी, तूसुद्धा?"

"हो."

हो! तोंडावर! "अगं, पण देवराज रांग मोडतो!"

"मोडतो ना. स्वतःसाठी मोडतो, सगळ्यांना दिसतं, त्याला चार शिव्या घालता येतात. तू रांग मोडलीस ती न्यायाच्या नावानं, तुला शिव्या कशा घालायच्या? पहिली आलेली बाई कोरडी घरी गेली. आज तुझी बायको, उद्या कुणाला काही दाखवायचं असलं तर माझा डबा!"

रांग मोडली? मी?? अहो, रांग माझी होती!

घरी आलो. पुष्पावती रोट्या भाजत होती. म्हटलं, निदान तू तरी...?

"गेले होते की मत द्यायला," तव्यावरची नजर न काढता म्हणाली. "परशुरामभावजी म्हणाले, वहिनी, तुम्ही पुढं या. मी म्हटलं, छे, रांग म्हणजे रांग. शेवटी उभी राहिले. बराच वेळ होता हो. विचार केला."

विचार केला! काय विचार केला? कुणाला दिलं? करपलेली रोटी तेवढी आली माझ्याच ताटात!

तेव्हापासून पाणी मी भरतो. काल तर अंधारात जाऊन पहिला डबा माझा ठेवला, पहिला, देवाशपथ! बायका जमल्या. बसंती मावशी पुढं आली, माझा डबा उचलला, सगळ्यांना दिसेल असा उंच धरला, आणि नेऊन ठेवला पार शेवटी.

"मावशी, मी पहिला आलोय!"

"ठाऊक आहे रे," ती म्हणाली.

आणि सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या हिनंसुद्धा! काय करणार... गेलो मागं, राहिलो उभा. रांग म्हणजे रांग.