खोडलं, पन पुसलं नाई

पेपरवाल्यायचं कौतुक मले सांगू नका. खरी लिहिणारी म्या एकच पाह्यली, आमची पुतणी मीना.

आर्वीत इंटरनेटचं दुकान नवं निघालं, तवा मीना तिथं बसून ब्लॉग लिहे. एकडाव तिनं लिहिलं, का एका कापसाच्या शेटजीचा काटा खोटा हाये. खोटा काटा निघाला दुसऱ्याच अडत्याचा. शेटजी बोंबलतच घरी आला, "पोरी, बाजारात तोंड दाखवाले जागा नाई ठेवली तुनं!"

तो गेल्यावर म्या म्हटलं, "मीने, पुसून टाक न वं. कोनाले समजते?"

"काका, ज्यायनं वाचलं त्यायच्या डोक्यातून कसं पुसू?"

तिनं ते वाक्य खोडलं, पन दिसू देल्लं. वर लिहिलं, 'हे चुकीचं होतं. मी शेटजींना न विचारता लिहिलं.' दुसऱ्या दिवशी लिलावाच्या आधी भर बाजारात उभी राहून तेच सगळ्यायले वाचून दाखवलं. हे छाती कोन्या संपादकात हाये, सांगा!

शेटजी खुश. म्हने, "आता माह्या कौतुकाचे दोन शब्द लिहून टाक, बाई."

"लिहीन न शेटजी. पन खाली हेही लिहीन, का तुम्ही सांगतलं म्हनून लिहिलं."

शेटजी म्हने, "राहू दे मंग."