रिकाम्या यंत्राचा बॅकअप

काही नाही कसं म्हणता? डबी तुमच्या हातात आहे, वायर तुमचीच लावलीय, दिवा लुकलुकतोय — आणि आत काही नाही? मग दिवा कशाला पेटतोय, तुमचं तोंड बघायला? चष्मा पुसा आधी. सकाळपासून बघतोय, त्याच्यावर बोटांचे ठसे आहेत नुसते. बाहेर पाटी काय लावलीय? 'गेलेली माहिती परत मिळेल.' ती वाचून आत आलोय मी. म्हणजे, एकानं वाचून दाखवली, पण आलोय ना! आता मिळत नसेल तर चढा शिडीवर आणि उतरवा ती पाटी. शिडी मी धरतो.

बसतो. बसलोय. ओरडत नाहीये, माझा आवाजच असा आहे. आमच्याकडं एका रानातून दुसऱ्या रानात बोलायचं असतं, तुमच्यासारखं टेबलावरून टेबलावर नाही. तर पुन्हा सांगतो — जुना लॅपटॉप होता, कामाचा. चौदा वर्षांचं काम त्याच्यात. तो देऊन हा नवा घेतला, हा चकचकीत. ह्याची सिस्टीम वेगळी, जुन्याची वेगळी, हे मला दुकानात कुणी सांगितलं नाही. सांगितलं असेल, पण तो पोरगेला विक्रेता इतका भराभर बोलत होता, की मी नुसता 'हो हो' म्हणालो. जुना त्यांनी तिथल्या तिथं पुसून घेतला. मी म्हणलं पुसा, आपल्याकडं ही हार्डडिस्कची डबी आहे, डबीत सगळा बॅकअप आहे. छाती ठोकून म्हणलं. आणि घरी येऊन डबी नव्याला लावली.

कसलं काम म्हणजे? पाणाड्या आहे मी. जमिनीखाली पाणी कुठं आहे ते दाखवतो, मग तिथं बोअरची गाडी उभी राहते. ही बेचक्याची काठी दोन हातांत धरायची, अनवाणी रानातून चालायचं, पाणी आलं की तळपायाला मुंग्या येतात आणि काठी खाली वाकते. ओठ दाबू नका, दिसतंय मला. शंभरातले नव्वद बोअर लागलेत माझे! आसपास कुठंही विचारा. — काय? पाणाड्याला लॅपटॉप कशाला? का, नको? न्हाव्याकडं आहे, तो मशीनवर फोटो दाखवून केस कापतो, त्याला नाही विचारत कुणी. मला बरं विचारता.

नोंदी असतात हो. कुणाच्या रानात, विहिरीपासून किती पावलं, किती फुटांवर ओल लागली, किती फुटांवर पाणी, कुठं नुसताच फुफाटा उडाला — सगळं. जमिनीखालून दगडाची चीर कुठून कुठं गेलीय, ते ह्या नोंदी एकापुढं एक लावल्या की कळतं. शेजाऱ्याला एकशे नव्वदला लागलं, त्याच्या खालच्याला दोनशे दहाला, म्हणजे ह्याला कुठं लागेल? कळतं की नाही? कळतं. — मग मुंग्या? येतात की मुंग्या. आधी कळतं, मग येतात. आता मला सांगा, नुसतं कळलं म्हणून कोण बोलावतो? लोकांना मुंग्या लागतात.

तुम्ही वायर काढू नका. चालू ठेवा तुमचं काम, बोलणं काय, चालूच असतं.

तर हा नवा चालू केला, डबी लावली, आणि ह्यानं पडद्यावर एक पाटी काढली. लांबलचक. खाली दोन बटणं. आता मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, तेही मास्तर आजारी असायचे. पण त्या पाटीत एक शब्द मला ओळखता आला — बॅकअप. इंग्रजीतला. अक्षरं लागत नाहीत मला, पण शब्दाचा आकार माहीत आहे, ह्या डबीवर कागद चिकटवलाय ना, त्याच्यावर तोच आहे. म्हणलं, शहाणं यंत्र आहे, न सांगता विचारतंय, बॅकअप पाहिजे का म्हणून. पाहिजे ना बाबा, त्यासाठीच तर लावलीय! दाबलं निळं बटण. त्यानं आणखी एक पाटी काढली, तीही दाबली. मग एक गोल फिरायला लागला. फिरला, फिरला, फिरला. मी चहा प्यायलो. म्हणलं किती काम केलंय आपण, उतरायला वेळ लागणारच.

आणि तुम्ही काय सांगता? की ते यंत्र विचारत होतं — ही डबी मी माझ्या बॅकअपला घेऊ का, हिच्यावरचं सगळं पुसून? म्हणजे कालपरवा दुकानातून आलेलं, पोटात काही नसलेलं यंत्र, त्यानं आपल्या रिकामपणाचा बॅकअप घेतला, आणि तो ठेवायला जागा पाहिजे म्हणून माझी चौदा वर्षं बाहेर काढली? असा भाडेकरू बघितलाय कुठं? आणि वर कुलूपही लावलं म्हणता, म्हणून तुम्हालाही शिरता येत नाही! बरं कुलूप कुणी लावलं? मीच. दुसरी पाटी म्हणजे कुलूप. वा.

दुसरी कॉपी? नाही. किती वेळा विचाराल? तिसऱ्यांदा विचारताय. दुसरी कॉपी ठेवायला मी काय —

बायको ठेवायची ते सगळं. दर शनिवारी. झाडलोट झाली की डबी लावायची, 'हात लावू नका, बॅकअप चाललाय' म्हणायची. मी हसायचो. म्हणायचो, अगं, पाणी काय पळून जातंय? टायपिंग तिचंच. दहावी पास आहे. मी रानातून आलो की पाय धुवायच्या आधी विचारायची — किती फूट, कुठला दगड, काळा की मुरूम. मी सांगायचो, ती भरायची. मग तीच बघून सांगायला लागली की उद्या कुठं — म्हणजे मदत करायला लागली. मदत.

कशी म्हणजे? फोनवर. कानात ते छोटं बोंड घालायचं, वरून टॉवेल गुंडाळायचा — ऊन लागतं म्हणून सांगायचो — आणि चालायचं. ती घरात पडद्यासमोर. 'आणखी वीस पावलं. आता डावीकडं. थांबा.' मी थांबलो की काठी वाकायची. काठी काय, मनगट वळवलं की वाकते, तुमच्याही हातात वाकेल. घ्या, धरून बघा. — बरं, राहू द्या.

हे कुठं बोलू नका. तुम्हाला म्हणून सांगितलं. डॉक्टरला सांगतात तसं.

तर गिरणीवाल्याच्या रानात होतो, दोन महिने झाले. पन्नासेक माणसं जमलेली. मी डोळे मिटून, अनवाणी, एकदम गंभीर. आणि खिशात काय दाबलं गेलं देव जाणे, बोंडातला आवाज बंद आणि खिशातून मोठ्यानं बायको — 'अहो तिकडं कुठं चाललात, तिथं चारशे फुटांपर्यंत फुफाटा निघालाय, कितीदा सांगू, उजवीकडं सरका!' मग तो गिरणीवाला, पिठानं माखलेला, माझ्याकडं नाही हो, माझ्या खिशाकडं वाकला आणि अदबीनं म्हणतो, 'वहिनी, उजवीकडं किती?'

तिनं सांगितलं ना! 'अकरा पावलं, भाऊजी.' तिला काय माहीत. आणि तिथं लागलं पाणी, अडीच इंची, शिव्या द्यायलाही जागा नाही. तेव्हापासून फोन यायला लागले. मला नाही, तिला. दारात माणूस यायचा, माझ्याशी हवापाण्याचं बोलायचा आणि मान वाकडी करून आत बघायचा — 'वहिनी आहेत का?' मी मधे उभा, पायपुसण्यासारखा!

मग मी म्हणलं, ह्या घरात एक तर ते यंत्र राहील नाही तर मी. ती म्हणाली, यंत्र राहू द्या. हसत म्हणाली, पण म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी यंत्रच बदललं. म्हणलं, मी शिकतो स्वतः. हा नवा असा आहे की तिलाही येणार नाही — म्हणून मुद्दाम वेगळ्या सिस्टीमचा — हो, सांगितलं होतं दुकानात. सांगितलं होतं. म्हणूनच घेतला. झालं समाधान?

ती गेली भावाकडं. भांडली नाही, पिशवी भरली आणि गेली. जाताना म्हणाली, डबी लावायच्या आधी मला विचारा. आता विचारतो मी? तुम्ही विचारलं असतं? — तुम्ही विचारलं असतं. बरं.

त्यानंतर शाळेसाठी एक जागा दाखवली. एकट्यानं. मुंग्या आल्या, देवाशपथ आल्या. सहाशे फूट फुफाटा. पोरं वर्गातून बाहेर येऊन बघत होती, सगळी पांढरी झाली, पापण्यासुद्धा. मी म्हणलं, जमीन फिरली. मास्तर नुसते पोरांचे डोळे पुसत होते. ते शिव्या देते तर बरं झालं असतं. त्या जागेशेजारी दोन बोअर आधीच कोरडे गेलेत हो, मीच तर सांगितलं होतं तिला, तिनं भरलं होतं. ती असती तर दोन मिनिटांत —

आणि उद्या अक्काकडं. थोरली बहीण माझी. आई गेल्यावर तिनंच वाढवलं, कडेवर घेऊन पाणी भरायची. आता पासष्ट वर्षांची, विहीर आटलीय, अजून पाणीच भरतेय, लांबून, डोक्यावर. गाडी उद्या आठला येणार, एकच बोअर मारणार, मग थेट पुढच्या हंगामात. लोक म्हणाले, अक्का, ह्या वेळी दुसऱ्याला बोलव. तर म्हणते, माझा भाऊ पाय ठेवील तिथंच मारायचं. आता हा पाय कुठं ठेवू? तुम्ही सांगा! तुमच्या ह्या टेबलावर ठेवू?

काय वाचताय? तो कागद होय. तिनंच चिकटवलाय. 'शनिवारी बॅकअप', एवढंच आहे. — खाली? खाली काहीतरी कंपनीचं असेल. नंबर? कुणाचा? मला कुठला पाठ, मी तिच्या फोटोवर बोट ठेवतो की लागतो. अहो, ठेवा. ठेवा म्हणतो ना! दुकानदार आहात की — लागला? सांगू नका मी इथं आहे. सांगा गिऱ्हाईक आहे एक.

काय म्हणते? मान काय हलवताय नुसती? आणि हसताय कशाला? तीन तास झाले, माझ्यासमोर एकदा हसला नाहीत! — काय? आहे? तिच्याकडं? सगळं? एक तिच्याकडं आणि एक तिच्या भावाच्या कपाटात? तीन कॉप्या ठेवायच्या, त्यातली एक घराबाहेर, असं असतं? बघा, तुम्हाला कशी पटकन सांगते. द्या इकडं.

हं. मी. ... जेवलो. ... हो, लावली. ... पुसली गेली. ... कशी काय, मीच पुसली! ... पुढचं नाही वाचलं. ... नाही, ओरडत नाही. ... शाळेचं कळलं तुला? ... बरं ऐक, उद्या अक्काकडं आठ वाजता, तू नुसतं फोनवर — ... तू येणार? ... तिथं? सगळ्यांसमोर, तू पुढं आणि मी ... काठी नाही आणायची? ... टॉवेलही नाही? ... अगं, पण लोक काय —

अक्का रडली? फोन करून, तुझ्याकडं?

थांब जरा. — आणि तुम्ही काय ऐकताय? उठा. जा बघू थोडा वेळ बाहेर. दुकान तुमचं असेल, बायको माझी आहे. आणि जाताना दार ओढून घ्या, मला आता हळू बोलायचंय.