खिडकीपुढचे बोंबील

बोईसरच्या दवाखान्यात डॉक्टर यायचे होते. मागच्या बाकावर तारापूरची घरमालकीण साखरबाई आणि तिची भाडेकरू ज्ञानेश्वरी बसल्या होत्या. ज्ञानेश्वरीच्या मांडीवरची मुलगी खोकत होती. मी घोरायचं सोंग घेतलं आणि दोन्ही कान त्यांच्या बाकाखाली पाठवून दिले.

“मावशी, भिंतीवरच्या बुरशीनं हिचा खोकला हटत नाही. आम्ही खोली सोडतो.”

“कौलं बदलली ना मी? भिंत माजी, तर दुरुस्ती माजी. पन पाऊस जाऊन महिना झाला, तरी बुरशी वाढतेच हाय. अजून वाढली तर तिच्याकडनंबी भाडं घेईन.”

“हसू नका हो.”

“खिडकी उघडतेस का?”

“नाही.”

“का गो? ते काम तर भाडेकरूचं.”

“बाहेर तुमचे बोंबील वाळत असतात. आमच्या लातूरकडं हा वास नसतो, मावशी. मला मळमळतं.”

“मंग बोलली का नाय?”

“तुम्ही रोज वाटीभर कालवण पाठवता. कोणत्या तोंडानं सांगू?”

“ते तरी खातेस का?”

“यांना वाढते. ते बोटं चाटतात.”

“येडी पोर. उद्या बोंबलांचे बांबू माज्या खिडकीपुढं रोवते. भिंत घासून चुना मी मारीन, खिडकी तू उघड. पोरीला घेऊन कुटं जाऊ नको.”

“मग वास तुमच्या खोलीत येईल. झोप कशी लागेल?”

“माजा घरवाला होडीवरनं आला का त्याच्या अंगाला हाच वास यायचा. तो गेल्यापासून मला कुटं झोप लागते?”