कातळावरची नारिंगी दोरी

ऐका. आणि आधी तो मोबाईल खाली ठेव, प्रणित. गेलेली लाईट तुझ्या बॅटरीने येणार नाही. कुणाला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं. ही गोष्ट मी रागाने सांगते आहे. मध्ये कुणी फिसकन हसलं तर तिथेच थांबेन, मग जा तसेच गरी टाकायला, मासे धरायला, आणि बघा काय ते.

तर रवळू निघाला. रवळू कोयंडे, आपल्या दशावतारातला पखवाजी. दिवेलागण होऊन गेली होती. दिवाळी सरलेली, जत्रा तोंडावर आलेली, आकाशात चंद्र नाही. खांद्यावर तो लांबलचक रॉड, कपाळाला बॅटरी, पाठीला पिशवी, पिशवीत कोळंबीचा डबा आणि सुरी. आई म्हणाली, जेवून तरी जा.  तो कुंपणाचं बेडं धाडकन लोटून बाहेर पडला. एवढा राग.

राग कुणाचा? माझा. त्याच दुपारी देवळाच्या मंडपात बैठक होती. जत्रेची वर्गणी, मांडवाचे बांबू, असलं सगळं बोलून झालं आणि मी उभी राहिले. म्हटलं, ते ब्रेड बंद करा.

खायचा ब्रेड नव्हे रे, शहाण्या. हे जे तुमच्या रिळावर गुंडाळलेलं आहे ते. पूर्वी आपली माणसं तंगूस वापरायची. नायलॉनची जाडसर दोरी. ओढली की जराशी ताणते, खडकात अडकली की गरीपाशी तुटते, बाकीची आपल्या हातात परत येते. मग हे आलं. वेणीसारखं घट्ट विणलेलं, शिवायच्या दोऱ्याएवढं बारीक. किनाऱ्यावरून फेकलं की लाटांच्या पार पलीकडे जाऊन पडतं. जरा म्हणून ताणत नाही, त्यामुळे तिकडे मासा नुसता शिवला तरी इकडे बोटाला कळतं. आणि तुटत नाही. याचंच सगळ्यांना कौतुक.

तुटत नाही, मग अडकलं की काय करायचं? जुनी जाणती माणसं काय करायची, तर ब्रेडच्या टोकाला हातभर कमजोर तंगूस बांधायची. अडकलं की तेवढीच तुटते. पण रवळूला ती गाठ नको. गाठ रॉडच्या कड्यांत खडखडते, म्हणे, फेक कमी पडते. मग अडकलं की हा आपल्या बाजूने सुरीने कापायचा, आणि समुद्रात गेलेली सगळी दोरी तिथेच टाकून घरी यायचा. तो एकटाच नव्हता. सगळेच तसे करायचे. तुझे काकाही करायचे, मान खाली घालू नकोस.

आणि माझी बहीण द्वारकी कालवं काढायला कुठे जायची? हे जिथून गरी टाकायचे त्याच कातळावर. केतकीच्या बनाच्या खाली, जिथे कालवांचे शिंपले खडकाला सुरीच्या पात्यांसारखे धारदार चिकटलेले असतात तिथे. ओहोटीला जायची, लोखंडी सळईने टक टक करून शिंपलं फोडायची, आतलं कालव वाटीत. त्याच वर्षी शिमग्याच्या आधी एक दिवस गेली ती आलीच नाही. भरती आली, ती आली नाही. दुसऱ्या ओहोटीला माणसांनी तिला वर आणली. सगळे म्हणाले, भोवळ आली असेल. बिचारी. वय झालं होतं.

तिला आंघोळ मी घातली. तिच्या डाव्या घोट्यावर काळ्यानिळ्या रेघा होत्या. बारीक. एकीवर एक. भोवळ आली की घोट्यावर रेघा उठतात काय?

तेच मी बैठकीत सांगितलं.  रवळू उठला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "दोरी खंय आसा, काकी? दाखव."

दोरी माझ्याकडे नव्हती. तिला वर आणली तेव्हा पायात काहीच नव्हतं. मी काय दाखवणार? कुणीतरी मागे खुसखुसलं. रवळूला चेव आला. म्हणाला, आज रात्री त्याच कातळावरून तांबोशी मासा काढतो आणि सकाळी तुझ्या दारात आणून टाकतो, वहिवाटीचा समुद्र आहे, तुझ्या बहिणीचा नव्हे.

असा निघाला तो. आता समजलं राग कसला?

केतकीच्या बनात शिरला. तुम्हाला ठाऊक आहे ती वाट, दिवसासुद्धा काळोखी. पानं दोन्ही अंगांना ओरबाडतात. अर्ध्या वाटेवर आला आणि त्याच्या कानावर आलं. टक. टक. थांबून परत, टक. टक.

रवळू थबकला. कालवं फोडण्याचा आवाज. पण भरती चढत होती. चढत्या पाण्यात, रात्रीचं, कालवं कोण फोडील? त्याने बॅटरी फिरवली. केतकीची मुळं, दुसरं काही नाही. त्याला वाटलं, मीच कुणाला तरी पाठवलंय त्याला घाबरवायला. मोठ्याने म्हणाला, काकी, पोरखेळ पुरे. आवाज थांबला. तेव्हाच मागे वळायला हवं होतं. पण रागावलेला माणूस मागे वळतो काय? चपला काढून हातात घेतल्या आणि उलट भराभर खाली उतरला.

कातळावर पाय रोवले. कोळंबी लावली, शिसं बांधलं, रीळ मोकळं करून दोरी बोटावर धरली. रॉड मागे नेला आणि दिली फेकून.

दोरी गेली. गेली, गेली, जातच राहिली. रीळ भिरभिरतंय, दोरी सुटतेय, आणि शिसं पाण्यात पडल्याचा आवाज काही येत नाही. बाबांनो, वर फेकलेली वस्तू खाली पडते ना? ही पडेचना. कुणीतरी पलीकडून हातात घेऊन चालत निघावं तशी दोरी जात होती. आणि हा वेडा खूश. जन्मात एवढी लांब फेक झाली नव्हती. रिळाचा तळ दिसायला लागला तेव्हा कुठे दोरी थांबली.

मग बोटाला कळलं. ब्रेड ताणत नाही हे सांगितलं ना मी? पलीकडचं सगळं जसंच्या तसं बोटात येतं. मासा कसा ओढतो, लाट कशी ओढते, रवळूला झोपेतही कळलं असतं. हे तसं नव्हतं. दोन ठोके, मग थांबणं. दोन ठोके, मग थांबणं. पखवाज वाजवणाऱ्याचं बोट ते, ठेका चुकेल कसा? टक टक. टक टक. कालवं फोडण्याची लय, त्याच्या बोटाच्या पेरात.

 आता मात्र तो भराभर रीळ फिरवायला लागला. दोरी येईना. रॉड वाकला. शिसं अडकलं असणार, दुसरं काय. म्हणून त्याने बॅटरी दोरीवर टाकली, कुठे अडकलं ते बघायला.

ऐका आता नीट. दोरी समोर समुद्राकडे जात नव्हती. रॉडच्या टोकातून निघून डावीकडे वळली होती, कातळाला वळसा घालून मागे गेली होती, आणि मागून वर, केतकीच्या बनाकडे चढत होती. ताठ. ज्या वाटेने तो आला होता त्याच वाटेवर, कमरेएवढ्या उंचीवर, आडवी. म्हणजे घरी जायचं तर ती ओलांडून जायचं.

आणि पाणी चढत होतं.

सुरी काढावी म्हणून त्याने पिशवी पुढे घेतली. पिशवी भिजून जड झालेली, हातातून सटकली आणि गेली लाटेत. कोळंबी गेली, सुरी गेली. मग त्याने काय करावं? तुम्ही सगळे करता तेच. रॉड बगलेत मारला, दोरी उजव्या पंजाला गुंडाळली, दोन वेढे, तीन वेढे, आणि सगळा जोर लावून हिसका दिला.

ब्रेड हाताला कधी गुंडाळायचं नाही. किती वेळा सांगितलंय. तंगूस गुंडाळली तर वळ उठतो. ब्रेड मांसात जातं.

त्याने हिसका दिला, आणि पलीकडून हिसका आला.

रवळू गुडघ्यावर पडला. दोरी बोटांत रुतली. रॉड खडकावरून घरंगळत गेला. मग जोरात नाही, सावकाश, अगदी सावकाश, दोरीने त्याला ओढायला सुरुवात केली. वर नाही, बनाकडे नाही. दोरीने पुन्हा दिशा बदलली होती. आता ती त्याला खाली नेत होती, कातळाच्या त्या खाचेकडे जिथे भरतीचं पाणी पहिल्यांदा भरतं. जिथे द्वारकी सापडली होती तिथे. प्रत्येक लाटेबरोबर हातभर. पाणी मांडीला लागलं. कमरेला लागलं. डाव्या हाताने वेढे सोडवायला गेला तर दोरी दिसेचना, मांसाच्या आत गेलेली. रवळूला जिवापेक्षाही बोटांची भीती वाटली, असं तो नंतर सांगायचा. जत्रा तोंडावर, आणि पखवाज्याचा उजवा हात.

तेव्हा बॅटरीच्या उजेडात ती दिसली.

खाचेच्या कडेला बसलेली. पाठमोरी. केस ओले, नऊवारीचा काष्टा खोचलेला. रडत नव्हती. भुतं रडतात म्हणतात, ती रडत नव्हती. खाली वाकून एक एक वेढा देत दोरी आपल्या डाव्या घोट्याला गुंडाळत होती, शांतपणे, रीळ भरावं तशी. एक वेढा, की रवळू एक हात पुढे. घोट्यावर सगळे रंग होते. हिरवी, पिवळी, पांढरी. आणि सगळ्यांच्या वर नारिंगी. गावात नारिंगी ब्रेड एकाच माणसाकडे होतं.

रवळू किंचाळला, सोड, द्वारकीकाकी, सोड. तिने मान वळवली नाही.

"ओढ," ती म्हणाली. "मिया पण ओढलंय. तुटता काय बघ."

एवढंच. जोरात नाही, ओरडून नाही. चुलीपुढे बसून कुणाला काम सांगावं तशी.

रवळूने ओढलं. दोन्ही पाय खडकाला लावून ओढलं. आणि ती हसली नाही, काही नाही, पुढचा वेढा घातला. पाणी छातीला आलं. लाट तोंडावर फुटली. त्या लाटेने त्याला उचलून बाजूच्या खडकावर आपटला, कोपरापासून खांद्यापर्यंत शिंपल्यांनी सोलून काढला. आणि त्या दुखण्यात त्याला आठवलं.

ओढून न तुटणारं ब्रेड घासून तुटतं. धारेवर घासलं की काही राहत नाही. एवढं दणकट, पण शिंपल्यापुढे दोन घासांचं.

त्याने ओढणं सोडलं. उलट पुढे गेला, तिच्याकडे, कळलं काय? पाण्यात मान घालून, ती ओढते आहे तिकडेच, हातभर पुढे. ताठ दोरी कालवांच्या धारेवर आडवी धरली आणि घासली. एकदा. परत. त्याला वाटलं आता बोटंच जाणार. तिसऱ्यांदा घासली आणि फट्.

तो मागे फेकला गेला. कसा उठला, बनातून कसा धावला, काटे कुठे कुठे लागले, काही ठाऊक नाही. मागून कुणी आलं नाही. फक्त पार वर रस्त्याला लागेपर्यंत मागे आवाज येत होता. टक टक. टक टक.

घरी गेला नाही. माझ्या दारात आला. तांबोशी घेऊन येणार होता ना? रक्ताळलेला पंजा घेऊन आला. उंबऱ्याबाहेर बसला आणि न विचारता बोलायला लागला. द्वारकीला वर आणली तेव्हा खाचेत पहिला उतरला होता तो हाच. तिच्या पायातली दोरी त्यानेच कापली. सगळ्यांत वर नारिंगी बघितली, आणि माणसं पोचायच्या आत सगळा गुंता खिशात घातला. आणि मग मंडपात उभा राहून मला विचारलं, दोरी खंय आसा.

मला विचारतोस, प्रणित, तिने का नाही घासून तोडली? तिच्या भोवतीही शिंपलेच होते, खरं आहे. एक पदर असता तर तिनेही तोडला असता. सळई हातातून पडलेली, पाणी वर, घोटा खाली, आणि पायात किती जणांचे पदर. एकट्या रवळूची नव्हती ती. म्हणून तर मी एकट्यावर कशी रागावू? मी गावभर रागावले आहे.

त्या रात्री मी त्याच्या जखमेत हळद भरली. जोरात भरली. तो म्हणाला, काकी, दुखता. म्हटलं, दुखूंदे.

वाचला तो. जत्रेला वाजवलंही. पण ऐकणाऱ्याने ऐकावं, थाप पडते आणि एक बोट मुकं राहतं. ते आता सरळ होणार नाही. पाणी पार ओसरतं त्या सुकतीच्या दिवशी कोयती घेऊन कातळावर उतरतो, खडकांतली दोरी कापून गोणीत भरतो. अजून निघतेय.

तर दिवेलागणीनंतर केतकीच्या वाटेने त्या कातळावर कुणी उतरायचं नाही. भरतीला नाही, ओहोटीला नाही, पैजेखातर तर नाहीच. कानावर ठोके आले तर तुमचा राग जागेवर टाका आणि मागे फिरा. ती अजून गुंडाळते आहे, आणि तिला अजून पुष्कळ जणांची दोरी सापडायची आहे.

गरी टाकायची हौस आहे ना? मग पुळणीवर जा, मोकळ्या वाळूत, आम्हाला दिसेल असे. पण आधी रॉड इकडे आणा. सगळ्यांनी. कंदील जवळ घे. प्रणित, तुझं ते नवं रीळ दाखव. कुठला रंग आणलास? लपवू नकोस, रंगाचं काही नाही, पायात सगळे सारखेच. टोकाला तंगूस नाही ना? मला वाटलंच.

त्या डब्यात आहे, हातभर घे. बांध. मी बघते आहे.