चिखलाच्या बुटांचे साहेब

समारंभाचे अध्यक्ष, उद्यान खात्याचे मोठे साहेब. मंचावर बसलेले समितीचे मान्यवर. आज निवृत्त होणारे आपले इतिहासकाका आणि शेजारी बसलेल्या काकू. समोरचे माळी, पहारेकरी, झाडूवाल्या बाया आणि बागेत रोज फिरायला येणारी सगळी मंडळी, तुम्हाला माझा नमस्कार.

मला भाषण येत नाही. मी पुतळे धुते. शाळेत तिसरीपर्यंत गेले, तेही अधूनमधून. पाच मिनिटं बोला म्हणाले, म्हणून उभी राहिले. चांगलंच बोला, असंही म्हणाले. ते जमेल की नाही, बघू.

काका या बागेत आले ते तिकिटं फाडायला. मग बागेची जुनी कागदपत्रं वाचायला लागले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागले. ही बाग म्हणजे आधी दलदल होती, बँडच्या चौथऱ्यावर वाजवणारे एकवीस जण होते, घड्याळाच्या मनोऱ्याचा चौथा काटा चोरीला गेला. मनोऱ्याला चार तोंडं, मग काटे आठ पाहिजेत, चौथा कुठला, हे मी त्यांना कितीदा विचारलं! "बाई, तू पाणी मार," एवढंच म्हणायचे. पण माणसं तासतास ऐकत उभी राहायची. आहे का कुणी दुसरं असं सांगणारं? नाही.

आता कौतुक झालं. माझं एक काम अडलंय, ते बोलते.

तळ्याच्या दोन बाजूंना आपले दोन साहेब उभे आहेत. एक जमीनवाले, ज्यांनी बागेला जमीन दिली. दुसरे पाणीवाले, ज्यांनी दलदल उपसून तळं बांधलं. दोघांना दाढी, दोघांना लांब कोट, दोघांच्या हातात कागदाची गुंडाळी. फरक म्हणाल तर एकाच्या बुटांना चिखल कोरलाय आणि दुसऱ्याचे बूट स्वच्छ. बाकी कोण कोण, ते खालच्या पितळी पाटीवरून कळतं.

त्या पाट्या दरवर्षी बागेच्या वाढदिवसाआधी मी काढते, शेडमध्ये नेऊन घासते, परत लावते. वाचून काय उपयोग? नाव वाचलं तरी तोंड थोडंच ओळखता येतं? म्हणून माझी पद्धत होती. लाल फडकं फाडायचं, अर्धं पाटीला गुंडाळायचं, अर्धं त्याच पुतळ्याच्या कठड्याला बांधायचं. दुसऱ्याला निळं. कधी चूक नाही.

अकरा वर्षांपूर्वी पाहुणे येणार होते. मी पाट्या घासून बाहेर आले तर दोन्ही कठडे मोकळे. पहारेकऱ्याने चिंध्या म्हणून फेकून दिलेल्या! हसू नका, समोरच बसलाय तो. मी आठवून आठवून पाट्या लावल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना सांगितलं. काका दोन्हीकडे जाऊन आले. म्हणाले, "बरोबर आहे. जा, कामाला लाग."

मी लागले. पण माझ्या डोक्यात गोंधळ तेव्हापासूनचा आहे. आधी काका लोकांना सांगायचे, बघा, पाणीवाल्यांनी स्वतः दलदल तुडवली, म्हणून बुटांना चिखल. नंतर सांगायला लागले, बघा, जमीनवाले देण्याआधी आपली जमीन स्वतः फिरले, म्हणून बुटांना चिखल. मी विचारलं, चिखल इकडचा तिकडे कसा गेला? म्हणाले, "नवीन कागद सापडलेत. इतिहास बदलतो." मला काय कळतंय? मी म्हटलं, बदलत असेल.

आता समितीने ठरवलंय की तळ्याचा रस्ता रुंद करायचा आणि एकच साहेब ठेवायचा. जमीनवाले राहणार, पाणीवाले गोदामात. सोमवारी ट्रक येतोय. म्हणजे पाटीप्रमाणे स्वच्छ बुटांचे साहेब जाणार. आणि पाटी चुकली असेल तर? ज्याने जमीन दिली त्यालाच आपण त्याच्या जमिनीवरून उचलून फेकणार, तेही माझ्यामुळे. चार दिवस घास उतरत नाही मला. काकांना विचारलं तर म्हणाले, "तुला कुणी विचारलंय का?" मी म्हटलं, नाही. "मग?" म्हणाले.

तर काका, आता माईकवर विचारते. पाट्या बरोबर आहेत का?

मान हलवताय, पण ती हो म्हणून की नाही म्हणून? काकू, तुम्ही त्यांचा सदरा ओढू नका, बोलू द्या त्यांना. उठू नका काका, बसूनच सांगा, मी मागच्यांना ऐकवते.

काका म्हणतात, नाहीत. उलट्या आहेत.

काका म्हणतात, त्याच दिवशी कळलं होतं.

अहो, मग बोलला का नाहीत? अकरा वर्षं!

थांबा, मागे ऐकू गेलं नाही. काका म्हणतात, "तू तेव्हा रोजंदारीवर होतीस. खात्याचे तेव्हाचे साहेब कडक होते. दुसऱ्या दिवशी तुला गेटाबाहेर काढलं असतं." आणि म्हणतात, आज सांगणारच होतो, पण हातात फुलं दिली आणि जीभ उचलेना.

हे असं आहे बघा. या माणसाला जुन्या कागदाच्या पुराव्याशिवाय एक अक्षर बोलवत नव्हतं. पुढे त्याच तोंडाने रोज चार वेळा खोटा चिखल सांगितला, शाळेच्या सहलींना सांगितला, बागेच्या माहितीपुस्तिकेत छापला. कुणासाठी, तर घासणाऱ्या बाईसाठी. यांच्यावर ओरडू की यांचे आभार मानू? माझ्या घरात त्या पगारावर दोन मुली शिकल्या. आणि बाहेर तो बिचारा स्वच्छ बुटांचा माणूस दुसऱ्याच्या नावाने उन्हात उभा.

अध्यक्षसाहेब, काकांना काही बोलू नका. चूक माझ्या हातची आहे. ट्रक थांबवा, एवढंच मागते. उद्या सकाळी आठला मी पाना घेऊन तळ्यावर आहे. काका, निवृत्त झालात तरी यायचं, बोट दाखवायचं, मी लावते. माझं पुढे काय करायचं ते खात्याने ठरवावं, मी पाटी लावून झाल्यावर ऑफिसात येते.

काका, आभार. काकू, तुमचेही; हे गुपित तुम्हालाही सांभाळावं लागलं असणार. एवढा वेळ ऐकून घेतलंत, सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्यात कुठे कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. पाट्यांचं मात्र पोटात घालू नका.