हिरव्या पाँटिॲकची एक फेरी

वर्न : भुवया आहेत का बघ माझ्या.

कार्लीन : डावी आहे. उजवी... अर्धी आहे. टोपी खाली ओढून घ्या, म्हणजे मेरियनला कळणार नाही.

वर्न : मेरियनला लग्नानंतर माझा चेहरा बघायची सवड झालेली नाही, आज कशाला बघेल? काय भडका उडाला गं! कार्ब्युरेटरच्या तोंडातून थेट माझ्या तोंडावर. तुझ्या बापाची गाडी आहे पोरी, तो गेला तरी समोरच्या घरातला वैरी म्हणून मला बरोब्बर ओळखते.

कार्लीन : मस्करी नंतर. रे निघालाय. मघाशी फोन होता, फ्लिंट मागे टाकलं म्हणाला. आणि त्याच्यामागे गिऱ्हाइकाचा ट्रेलर आहे.

वर्न : म्हणजे खरंच घेऊन येतोय?

कार्लीन : ईस्टरला जेवताना तुमच्यासमोरच ठरलं. हॅमचा तुकडा होता तोंडात, ऐकलं नसेल तुम्ही. आजच्या रविवारी ही गाडी आपल्या चाकांवर गल्लीला एक फेरी मारून घरी परत आली, तर रे पुन्हा विकायचं नाव काढणार नाही. नाही आली, तर ग्रँड रॅपिड्सचं ते गिऱ्हाईक तिला ट्रेलरवर चढवून घेऊन जाणार. अर्धी गाडी रेची आहे, वर्न. बाबांनी दोघांच्या नावावर ठेवलीय.

वर्न : तुझा भाऊ वाईट नाही तसा.

कार्लीन : वाईट कुठं म्हणतेय मी? ओहायोत राहायला गेला, एवढंच.

वर्न : तेच म्हणतो मी. त्या वैऱ्यांच्या राज्यात जाण्यापेक्षा तुरुंगात गेला असता तर गल्लीत सांगता तरी आलं असतं.

कार्लीन : पेट्रोल येतंय. ठिणगी पडतेय. इंजिन मी स्वतः उघडलं, स्वतः बांधलं, पिस्टनची एकेक रिंग हाताने बसवली. शाळेची बस चालवून आले की रोज हेच. मग आज हिला काय धाड भरलीय?

वर्न : पाँटिॲक आहे, हीच धाड. शेव्हरोले असती तर एव्हाना आपण नदीपर्यंत जाऊन आइस्क्रीम खाऊन आलो असतो.

कार्लीन : बाबा असते तर पाना फेकून मारला असता तुम्हाला.

वर्न : मारायचा की. त्याचे तीन चांगले पाने अजून माझ्याकडे आहेत.

कार्लीन : एक विचारू? एवढा राग आहे पाँटिॲकचा, तर सकाळपासून इथे का राबताय?

वर्न : ... तुला आठवतं, हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ पावसाने धुऊन गेलं की पहिल्या रविवारी मी माझी शेव्हरोलेची शेव्हेल बाहेर काढायचो?

कार्लीन : आठवतं म्हणजे? उशी डोक्यावर घेऊन झोपायचो आम्ही. तुम्ही तिकडून गाडीला रेस द्यायचात आणि बाबा इकडून.

वर्न : तुझा बाप लेन गेल्यापासून मी माझ्या गॅरेजचं शटर उघडलेलं नाही. कोणाला ऐकवू? गल्लीत सगळ्या विजेच्या गाड्या आल्यात. त्या फ्रीजसारख्या गुणगुणतात. फ्रीजशी काय भांडायचं?

कार्लीन : वर्न...

वर्न : बरं, बरं, रडू नकोस, हातांना ग्रीस आहे. ठिणगी वेळेवर पडत नाहीये, मी सांगतो. वेळ चुकतेय म्हणून मागे भडका येतो.

कार्लीन : ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर मी बरोबर बसवलाय. पहिला पिस्टन वर आणला, प्लगच्या भोकावर अंगठा धरला, हवेने अंगठा उडवला तेव्हाच बसवला. आणि प्लगच्या वायरी?

वर्न : वायरी मी लावल्या. तू आत चीज सँडविच भाजत होतीस तेव्हा. एक, आठ, चार, तीन, सहा, पाच, सात, दोन. सिलिंडरचा हाच क्रम ना?

कार्लीन : हाच.

वर्न : मग? हा क्रम मी झोपेत बडबडतो. मेरियनला विचार.

कार्लीन : मी डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढते. तुम्ही आत बसून चावी मारा. चालू करायची नाही, नुसती फिरवायची.

वर्न : आत? हिच्यात? जमणार नाही. शपथ आहे माझी, या गाडीत बूड टेकणार नाही अशी.

कार्लीन : कोणापुढे घेतलीत?

वर्न : तुझ्या बापापुढे. अख्ख्या न्हाव्याच्या दुकानासमोर.

कार्लीन : मग बूड बाहेर ठेवा आणि खिडकीतून हात घाला! न्यूट्रलला आहे. मारा.

वर्न : मारली.

कार्लीन : थांबा.

वर्न : काय झालं?

कार्लीन : पुन्हा मारा... थांबा. वर्न, तुमच्या शेव्हेलमधला हा रोटर कोणत्या बाजूला फिरतो?

वर्न : कोणत्या म्हणजे? घड्याळासारखा. फिरणारी प्रत्येक शहाणी वस्तू घड्याळासारखी फिरते.

कार्लीन : इकडे या. मी मारते चावी, तुम्ही बघा. दिसला?

वर्न : ... देवा रे.

कार्लीन : दिसला का?

वर्न : उलटा! अगं, हा उलटा फिरतोय!

कार्लीन : क्रम तोच, फक्त दिशा उलटी! तुम्ही सगळ्या वायरी शेव्हरोलेच्या बाजूने लावल्यात. एक नंबर आणि सहा नंबर समोरासमोर आहेत, ते तेवढे वाचले. बाकीचे सहा भलत्याच वेळेला पेटत होते!

वर्न : एकाच कंपनीची दोन लेकरं, आणि एक असं, एक तसं. आयुष्यभर समोर राहिलो. दर रविवारी भांडलो. लेननी मला एकदाही सांगितलं नाही की ही उलटी फिरते.

कार्लीन : बॉनेटखाली डोकं घातलं असतंत तर दिसलं असतं.

वर्न : बुडाची शपथ मी डोक्यालाही लावली ना.

कार्लीन : वायरी ओढा! सगळ्या! मी नंबर सांगते, तुम्ही हातात द्या. एक राहू दे. आठ!

वर्न : आठ.

कार्लीन : चार! तीन! सहा आहे तिथेच बरी. पाच... ही नाही, ही सात आहे.

वर्न : भुवया नसल्या की नीट दिसत नाही.

कार्लीन : भुवयांनी बघता तुम्ही? पाच! सात! दोन! झालं. टोपी लावली. सरका.

वर्न : ॲक्सिलरेटर दोनदा दाब आणि सोड. हळू. आणि पोरी, भडका आलाच तर—

कार्लीन : नाही येणार.

वर्न : मी आपला झाडामागे उभा राहतो.

कार्लीन : मारतेय... मारतेय... ये ना गं. ये, ये, ये—

वर्न : आलीऽऽ! आली! ऐक! अगं ऐक!

कार्लीन : तुमचं काही ऐकू येत नाहीये!

वर्न : मी कुठं बोलतोय? ती बोलतेय!

कार्लीन : ठिणगीची वेळ तपासायचा दिवा कुठंय? पुलीवर धरा. रेघ दिसतेय?

वर्न : दिसतेय, पण पळतेय. डिस्ट्रिब्यूटर केसभर फिरव. केसभर म्हटलं, मेरियनच्या वेणीएवढा नाही! हं. हं! तिथेच. घट्ट कर. रेघ बघ आता, पळायची थांबली. काय सूर लागलाय!

कार्लीन : वर्न, तुम्ही पाँटिॲकची तारीफ केलीत.

वर्न : कोणी ऐकलं? साक्षीदार आण.

रे : धूर पार कोपऱ्यावरून दिसतोय! अग्निशमनवाल्यांना बोलवू का?

कार्लीन : रे! आलास! बघ!

रे : चालू आहे? कार्ली, ही चालू आहे?

कार्लीन : नाही, टोस्टर लावलाय. अरे, कानात बोळे घातलेस का? हे बघ, बॉनेटही लावलं.

रे : बॉनेट लावलंत तुम्ही. लावलेलं बॉनेट मी दोन वर्षांत बघितलेलं नाही. जेव्हा येतो तेव्हा ही पोट उघडून पडलेली. बाबांना तसं हॉस्पिटलात बघितलं होतं, तेवढं पुरे होतं मला.

कार्लीन : हे कधी बोलला नाहीस.

रे : बोललो की. विकूया म्हणालो.

वर्न : पोरांनो, ट्रेलरवाला ताटकळलाय आणि गाडी तापलीय. फेरी बाकी आहे. बस रे, तू पण बस, खरं-खोटं डोळ्यांनी बघ.

रे : बसणारच आहे. ढकलत आणली तर मोजणार नाही हं मी.

(गाडीत. गॅरेजमधून रस्त्यावर.)

कार्लीन : पहिला गिअर. दुसरा. ऐक आता.

रे : हळू, कार्ली!

कार्लीन : हळूच आहे! हिचं हळू असंच असतं!

रे : लोकांच्या टपालाच्या पेट्या थरथरताहेत! आईशप्पथ, पाठ सीटला चिकटली माझी. अजून सिगारचा वास येतो हिच्यात.

कार्लीन : धुतली होती मी दोनदा. जात नाही.

रे : नको घालवूस. पुढे थांबायची पाटी आहे, चर्चपाशी. थांब. थांब!

कार्लीन : थांबतेय ना... नको. नको, नको, नको.

रे : बंद पडली.

कार्लीन : कळलं मला.

रे : आणि नेमकी प्रार्थना सुटलीय. सगळे पायऱ्यांवर उभे राहून बघताहेत.

कार्लीन : माझी चूक. तू आलास त्या घाईत स्लो कमी राहिला, पाय काढला की इंजिन मरतं. आता चालू होईल, पण पुढच्या पाटीला पुन्हा मान टाकेल. असं उठत-बसत नाही न्यायची मला तिला घरी. ठरलं ते ठरलं. फोन कर तुझ्या माणसाला, इथेच ये म्हणावं.

रे : स्क्रू ड्रायव्हर आहे?

कार्लीन : काय?

रे : स्क्रू ड्रायव्हर गं. बाबा या समोरच्या खणात ठेवायचे, लाल मुठीचा. हा बघ. बॉनेट उघड.

कार्लीन : तुझा शर्ट पांढरा आहे.

रे : उघड म्हणतो ना! आता चालू कर. पायाने धरून ठेव थोडी... धर... पाय काढ. स्क्रूला अजून पाव आटा. ऐक. बाबा काय म्हणायचे? जेवून झोपलेल्या कुत्र्यासारखी घोरली पाहिजे.

कार्लीन : तू तर बाहेर पायरीवर बसून बेसबॉल ऐकायचास. गॅरेजमध्ये कधी आलाच नाहीस.

रे : दार उघडं असायचं की. पाय काढलास?

कार्लीन : कधीचा.

रे : मग घोरतेय बघ! स्वतःची स्वतः घोरतेय! अगं, पायऱ्यांवरचे लोक टाळ्या वाजवताहेत! पाद्रीसुद्धा! सरक.

कार्लीन : कुठे सरकू?

रे : तिकडच्या सीटवर. अर्धी माझी आहे. घरापर्यंतची अर्धी फेरी मी चालवणार.

कार्लीन : ओहायोवाले पाटी बघून थांबतात ना?

रे : गप बस आणि पट्टा लाव. क्लच केवढा कडक आहे हा! बाबांचा पाय होता की खांब? बघ, बघ, पडली का बंद? नाही पडली! वळतोय मी... आलीच आपली गल्ली.

कार्लीन : तुझा ट्रेलरवाला रस्त्यात उभा राहून हात करतोय.

रे : काच खाली घे. अहो! माफ करा! सँडविच खाऊन जा, पण रिकामे जा! ... काय म्हणाला तो?

कार्लीन : लहान मुलांनी ऐकू नये असं काहीतरी. वर्न कुठं गेले? इथेच तर होते झाडापाशी.

रे : समोर बघ. त्यांचं शटर वर आहे.

कार्लीन : ... आहे.

रे : ही शेव्हेल! काय गर्जतेय म्हातारी! आपल्यालाच ऐकवताहेत ते. कार्ली, देऊ का मी पण रेस? देऊ?

कार्लीन : थांब जरा. बाबा त्यांचं आधी संपू द्यायचे.