खोड आधी सांगणारा मुकादम

काकू, नाईकसाहेब, बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्यांनो, समद्यांना रामराम. मी किसन. मला माणसांसमोर बोलता येत नाही. मी तुमच्याकडे पाहणार नाही, त्या खांबाकडे पाहून बोलतो. वाईट मानू नका.

आज ज्यांच्या शोकसभेला जमलो, ते थावरूकाका आपले मुकादम. तांड्यातली पोरं गुजरातेत टाइल्सच्या कारखान्यावर तेच न्यायचे. मलाही त्यांनीच नेलं. यवतमाळच्या डॉक्टरांनी मला ऑटिझम आहे असं सांगितलं, तेव्हा सोबत काकाच होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "म्हंजे तू येडा नाहीस ना बे! चाल, चहा पेऊ."

मग प्रत्येक कारखान्यात, मजुरी ठरायच्या आधी, काका सांगायचे. आधी. "शेठ, ये लडका आँख मिलाके बात नहीं करेगा. एक टाइम पे एकही काम बोलना. चिल्लाना मत." सोबतची पोरं हसायची. काही शेठांनी मला दारातूनच परत पाठवलं.

एकदा मी चिडलो. "काका, कायले सांगता? कामावर लागल्यावर सांगा ना!"

"आर्णीच्या बाजारात बैल इकताना खोड आधी सांगतो का घरी नेल्यावर?"

"मी बैल हाव काय?"

"नाही रे बापू. बैलाले बोलता येत नाही म्हून मालक सांगते. तुले तोंड हाय. मी हाव तोवर मी सांगतो. मंग तू सांगजो."

मंग म्हणजे कधी, ते मी विचारलं नाही.

काका आजारी पडले तेव्हा मी एकटाच सुरतेला गेलो. गोदामात लागलो. सांगितलं नाही. खूश होतो. मग एक दिवस भोंगा आणि सुपरवायझरचं ओरडणं एकदमच आलं. मी कानांवर हात ठेवून टेबलाखाली बसलो. दारू पिऊन आला म्हणाले, काढून टाकलं. काकू, मी दारूला शिवत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण टेबलाखालच्या माणसाचं कोण ऐकतं?

आता सोमवारी दुसऱ्या गोदामात बोलावलं आहे. सांगू का नको? सांगितलं तर दारातूनच परत. नाही सांगितलं तर भोंगा तिथेही आहेच. येताना गाडीत हेच. इथं काकांसाठी बसलो तरी डोक्यात हेच. लाज वाटते मला.

सकाळी तुम्ही सतरंज्या टाकत होता, तेव्हा मी शाळेमागं गेलो आणि त्या नव्या गोदामातल्या साहेबांना फोन लावला. काका सांगायचे तेच सांगितलं. आवाज फाटला, पण सांगितलं. साहेब म्हणाले, "वर विचारून कळवतो."

अजून कळवलं नाही.

चला, काकांसाठी दोन मिनिटं गुमान उभे राहू. फोन बंद करा. माझा तेवढा चालू आहे. वाजला तर मला उचलू द्या.